रिले ‘टक्’ वाजला म्हणजे चांगला नव्हे

वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. गाडी तापली की बंद पडते, निवली की चालू होते, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले तर फ्युएल पंप बदलण्याची घाई करू नये. पंपाच्या मानाने रिलेची किंमत किरकोळ असते. म्हणून आधी रिले तपासावा, असे आम्ही कारागीर बंधूंना सुचवतो.

साध्या चार पिनांच्या १२ व्होल्ट रिलेत ८५ व ८६ या कॉइलच्या पिना, ३० व ८७ या संपर्काच्या. कॉइलचा रोध साधारण ५० ते १२० ओहम भरतो. ८५-८६ ला बॅटरी जोडताच ‘टक्’ आवाज येतो. आत डायोड असलेल्या रिलेत प्लस-मायनस उलट लावू नये, डायोड जळतो.

पण आवाज आला म्हणजे कॉइल चांगली, एवढेच. जळका संपर्क मीटरवर ठीक दिसतो आणि पंपाचा भार येताच दगा देतो. म्हणून कॉइल चालू ठेवून ३० ला फ्यूजमधून बॅटरीचा प्लस द्यावा आणि ८७ व मायनस यांच्यामध्ये हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावावा. बल्ब मंद जळला किंवा ३० व ८७ दरम्यान ०.२ व्होल्टहून बरेच जास्त भरले, तर रिले बाद. थंडपणी पास झालेला रिले तापल्यावर पुन्हा तपासावा.

रिले चांगला निघाला तर सॉकेटवर करंट येतो का, ते पाहावे.

ही तपासणी गिऱ्हाइकासमोरच करावी. त्याचे पैसे वाचतात आणि दुकानावरचा विश्वास वाढतो.