पैसा घराचा, खातें कोणाचें?

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला कांहीं प्रश्न सहसा सुचतच नाहींत. कोठींतील धान्य कोणाचें, थोरल्या भावाच्या पगारांतून धाकट्याच्या मुलीची फी गेली तर ती कोणीं कोणाला दिली, असे प्रश्न आपल्या घरांत कोणी विचारीत नाहीं. विचारलेच, तर तो घर फुटण्याचा आरंभ समजला जातो. परंतु घरांतील मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं परदेशीं जावयास निघाली कीं, नेमका हाच प्रश्न एक परका अधिकारी विचारतो आणि त्याचें उत्तर कागदावर मागतो. व्हिसाच्या अर्जाबरोबर जो पैशाचा पुरावा जोडावा लागतो, त्याचें खरें स्वरूप हें आहे. पैसा किती, एवढेंच तेथें पाहत नाहींत. तो कोणाच्या नांवावर आहे, किती दिवसांपासून आहे आणि कोठून आला, हेंही पाहतात.

समजा, नागपुरांत महालांतील एका जुन्या वाड्यांत तीन भावांचा संसार एका चुलीवर चालला आहे. थोरल्याच्या मुलीला इंग्लंडांतील एका विद्यापीठांत प्रवेश मिळाला. काटोलकडे संत्र्याची बाग आहे, आजीचे दागिने लॉकरांत आहेत, मधले काका नुकतेच निवृत्त झाल्यामुळें त्यांची रक्कम बँकेंत आहे. "पैशाची काळजी तूं करूं नकोस," असें सर्वजण मुलीला सांगतात, आणि तें खोटेंही नाहीं. परंतु इंग्लंडच्या नियमांची चाळणी लावली म्हणजे काय उरतें तें पाहूं. बागेचा सातबारा आणि वाड्याचे कागद म्हणजे रोख पैसा नव्हे. दागिनेही नव्हेत. शेअर्स, किंवा ज्यांतून रक्कम तत्काळ काढतां येत नाहीं असा निवृत्तिनिधि, हे तेथें धरीत नाहींत. काकांची रक्कम रोख आहे खरी, पण खातें काकांचें आहे. आणि तो देश विद्यार्थ्याचा स्वतःचा, त्याच्या पतीचा किंवा पत्नीचा, अथवा आईवडिलांचा व कायदेशीर पालकाचा पैसा तेवढा ग्राह्य धरतो. आईवडिलांचा असला तरी जन्मदाखला आणि त्यांचें संमतिपत्र जोडावें लागतें. काका, मामा, आजोबा यांना त्या नियमांत जागाच नाहीं. आपल्या घरांत ज्याला पित्यासमान मानलें, तो त्या कचेरीच्या लेखीं तिऱ्हाईत ठरतो.

आतां रकमांचा विचार करूं. ११ नोव्हेंबर २०२५ पासून इंग्लंडनें राहण्याच्या खर्चाचा आंकडा लंडनमध्यें दरमहा १,५२९ पौंड व लंडनबाहेर १,१७१ पौंड ठरविला. तो जास्तींत जास्त नऊ महिन्यांचा दाखवावयाचा, म्हणजे अनुक्रमें १३,७६१ व १०,५३९ पौंड. पहिल्या वर्षाची जी फी भरावयाची राहिली असेल ती याहून वेगळी. ही सारी रक्कम सलग २८ दिवस खात्यांत असली पाहिजे आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेपूर्वीं ३१ दिवसांच्या आंतला हवा. मध्यें एक दिवस जरी शिल्लक खालीं गेली तरी पुरावा फसला. रुपयाचा भाव उतरला तर कालची पुरेशी रक्कम आज अपुरी ठरते. म्हणून थोडी अधिक ठेवणेंच शहाणपणाचें. ठेव ज्या संस्थेंत आहे तिच्यावर योग्य नियामकाची देखरेख असावी व तिचे हिशेब संगणकावर असावेत, अशीही अट आहे. तेव्हां गल्लींतल्या लहान पतसंस्थेंतील ठेव आधींच बँकेंत आणून ठेवावी हें बरें.

प्रत्येक देशाची रीत निराळी आहे. जर्मनींत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नांवें एक बंद खातें उघडण्याची रीत रूढ आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून त्याची वर्षाची रक्कम ११,९०४ यूरो ठरली, आणि तींतून दरमहा ९९२ यूरोच काढतां येतात. कॅनडानें १ सप्टेंबर २०२५ पासून, क्वेबेक प्रांत वगळून, एकट्या विद्यार्थ्यासाठीं २२,८९५ कॅनेडियन डॉलर ठरविले, तर ऑस्ट्रेलियानें १० मे २०२४ पासून २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर. दोहोंतही फी व प्रवास वेगळा. अमेरिकेनें सर्वांना एकच असा आंकडा ठरविलेला नाहीं. विद्यापीठ आपल्या 'आय-२०' या पत्रकांत वर्षाचा खर्च लिहितें, आणि मुंबईच्या वकिलातींत मुलाखतीच्या वेळीं नागपूरच्या विद्यार्थ्यानें तो कसा भागेल हें पटवून द्यावयाचें. तेथें काकांचें हमीपत्र चालतें. मात्र काका हा खर्च कां करीत आहेत, हें मुलीला सरळ सांगतां आलें पाहिजे. हे आंकडे वरचेवर बदलतात, म्हणून अर्जापूर्वीं त्या त्या सरकारचें ताजें पत्रक पाहिल्यावांचून पाऊल टाकूं नये.

ही पद्धत आजचीच आहे असें नव्हे. अमेरिकेच्या १८८२ सालच्या कायद्यांतच, जो मनुष्य स्वतःचा निर्वाह करूं न शकल्यामुळें समाजावर भार होईल त्यास किनाऱ्यावर उतरूं देऊं नये, असें कलम होतें. पुढल्याच वर्षीं, १८८३ च्या एप्रिलांत, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्यें न्यूयॉर्कला पोंचल्या. त्यांच्या पाठीशीं होता तो न्यू जर्सींतील कार्पेंटर बाईंच्या घराचा आसरा आणि सेरामपूर येथील त्यांच्या भाषणानंतर जमलेली वर्गणी. भीमराव आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेले, तेव्हां सयाजीराव महाराजांच्या बडोदें सरकारची दरमहा ११.५ पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां त्यांच्याजवळ होती, आणि परतल्यावर दहा वर्षें बडोद्याची नोकरी करण्याचा लेखी करार होता. पहिलीच्या मागें माणसांचा शब्द होता. दुसऱ्याच्या मागें कागद. हल्लींच्या कचेरीला कागदच समजतो.

येथेंच मोहाची पायरी लागते. महिनाभर खात्यांत रक्कम ठेवून, दलाली घेऊन ती परत नेणारे मध्यस्थ भेटतात. "सगळेच असें करतात," हें त्यांचें पालुपद. परंतु पकडलें गेल्यास इंग्लंड दहा वर्षांपर्यंत दार बंद करूं शकतें, कॅनडा पांच वर्षें, आणि अमेरिकेंत तर ती बंदी जन्मभराची होऊं शकते. शिवाय न पकडलें गेल्यास काय? मुलगी परक्या शहरांत उतरते, आणि ज्या पैशावर तिचें घरभाडें, जेवण आणि औषधपाणी चालावयाचें तो अस्तित्वांतच नसतो. कचेरीला फसविलें असें आपण म्हणतों. वस्तुतः फसते ती आपलीच मुलगी.

सरळ मार्ग असतांना वांकड्या वाटेनें जाण्याचें कारणही नाहीं. काकांना खरोखर द्यावयाचें असेल, तर त्यांनीं कांहीं महिने आधीं ती रक्कम बक्षीसपत्र करून पुतणीच्या किंवा भावाच्या खात्यांत बँकेमार्फत वर्ग करावी. भाऊ, चुलता, मामा, आजोबा अशा जवळच्या नातेवाइकांकडून मिळालेल्या देणगीवर आपल्याकडे घेणाऱ्याला आयकर लागत नाहीं. पैसा अपुरा पडत असेल तर बँकेचें शैक्षणिक कर्ज मंजूर करून घ्यावें. त्याचें मंजुरीपत्र हाही पुरावाच आहे. १८९२ सालीं स्थापन झालेला जमशेटजी टाटांचा शिक्षणनिधि अजूनही होतकरू विद्यार्थ्यांना कर्जरूपानें शिष्यवृत्ति देतो.

मात्र बक्षीसपत्रावर सही करण्यापूर्वीं घरांत एकदां बैठक व्हावी. "मी देईन" असें म्हणणें आणि देणें यांत अंतर आहे. सही झाली कीं ती रक्कम काकांची राहत नाहीं. तींत काकूंच्या म्हातारपणाचा भाग होता काय? धाकट्या पुतण्याच्या शिक्षणाला मागें काय उरलें? कचेरी पहिल्याच वर्षाचा पुरावा मागते. दुसऱ्या वर्षाची फी कोठून यावयाची? हे प्रश्न विचारल्यानें घर फुटत नाहीं. न विचारलेले प्रश्नच पुढें दहा वर्षांनीं, वाटणीच्या वेळीं, तोंड वर काढतात. काकूंनाही त्या बैठकींत बोलावावें, आणि जिच्यासाठीं हें सारें चाललें आहे त्या मुलीलाही. आपल्या तिकिटामागें कोणीं काय सोडलें हें तिला निघण्यापूर्वीं ठाऊक असलें पाहिजे.

परक्या अधिकाऱ्याचा प्रश्न आपल्याला उद्धट वाटतो खरा. पण तो एका दृष्टीनें आपल्या उपयोगाचा आहे. घराचा पैसा घराचाच राहो; कोणीं किती दिला याची एक नोंद मात्र वहींत असावी, आणि ती वही घरांतल्या सर्वांना उघडून पाहतां यावी.