देवटेकची शिळा

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी व आरमोरी या मार्गाने गडचिरोलीस जाताना रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड लागतात, गावांच्या पाट्या लागतात, पंचशील ध्वज फडकणारे विहार दिसतात आणि अरण्य दाट होऊ लागले की शिकारीस मनाई करणारे वनखात्याचे फलक दिसू लागतात. नागभीडजवळच्या वनास २०१८ साली घोडाझरी अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. तथापि प्राण्यांची हत्या करू नये अशी लेखी आज्ञा या भूमीस नवीन नाही. नागभीड परिसरातील देवटेक या लहानशा गावी अशी आज्ञा कोरलेली शिळा होती आणि तिचे वय बावीसशे वर्षांहून अधिक आहे.

अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या अशोकाच्या लेखसंग्रहात या शिळेची नोंद घेतली. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिचे साक्षेपाने वाचन केले. शिळेवर दोन लेख आहेत. जुना लेख अशोककालीन ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असून बराच झिजलेला आहे. ‘स्वामी’ चिकंबरी येथे आज्ञा देत आहे, आणि जो प्राणी मारील वा पकडील त्याच्याविषयीची ती आज्ञा आहे, एवढा आशय त्यातून निश्चित निघतो. हा स्वामी म्हणजे अशोकाने नेमलेला धम्ममहामात्र असावा, असे मिराशींचे मत आहे. आपल्या अभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर आपण धम्ममहामात्र नेमले, हे अशोकाने पाचव्या शिलालेखात स्वतःच नमूद केले आहे.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. देवटेकच्या लेखाच्या उरलेल्या भागात अशोकाचे नाव नाही. उत्साहाच्या भरात आपल्यापैकी अनेक जण त्यास ‘अशोकाचा शिलालेख’ म्हणून मोकळे होतात. परंतु त्याचे खरे मोल वेगळेच आहे. सम्राटाच्या आज्ञा साऱ्या साम्राज्याला उद्देशून होत्या. पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची लांबलचक यादी आहे, विनाकारण वन जाळू नये असेही सांगितले आहे. देवटेकचा लेख मात्र एका गावाचे नाव घेऊन बोलतो. पाटलीपुत्राची धम्मनीती वैनगंगेच्या खोऱ्यातील एका वस्तीपर्यंत कशी पोहोचत असे, याचा इतका जवळचा पुरावा आपल्या भागात दुसरा क्वचितच असेल. वैनगंगेवरच्याच पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आले. त्यामुळे ही शिळा एकाकी राहत नाही.

शिळेवरील दुसरा लेख वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याचा, म्हणजे इ. स. च्या चौथ्या शतकातील आहे, असे मिराशींनी दाखविले. त्यात चिक्कंबुरी येथील राजाच्या धर्मस्थानाचा उल्लेख आहे. रुद्रसेन महाभैरवाचा उपासक होता. आपल्या लेखासाठी त्याने जुना लेख छिलून टाकविला, असा मिराशींचा तर्क आहे. व्याख्यानांतून ही गोष्ट तावातावाने सांगितली जाते. ती दडवू नये हे खरे. परंतु रुद्रसेनाच्या हेतूविषयी शिळा काही बोलत नाही. प्रस्तुत लेखकास त्याहून लक्षणीय वाटते ते गावाचे नाव. दोन लेखांत सुमारे सहाशे वर्षांचे अंतर, राजवट निराळी, श्रद्धा निराळी, आणि गाव तेच. देवटेकलगतचे चिकमारा हे गाव म्हणजेच ते चिक्कंबुरी, असे मिराशी म्हणतात. म्हणजे आज चिकमारा हे नाव उच्चारणारा शेतकरी तो प्राचीन शब्दच, थोडा झिजलेला, उच्चारत असतो.

मूळ शिळा आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, लोकांच्या भाषेत अजब बंगल्यात, ठेवलेली आहे. तिच्या मूळ ठिकाणी रस्त्याकाठी फलक लावावयाचा झाल्यास त्यावर सम्राटाचे चित्र व जयघोष नसले तरी चालेल. ब्राह्मी अक्षरांचा ठसा, त्याखाली मराठी अर्थ, दोन्ही लेखांचा काळ, आणि लेखात चिकमाऱ्याचे नाव आहे ही माहिती, एवढे पुरे. जेथे अक्षरे गेली आहेत तेथे जागा मोकळीच सोडावी. शाळकरी मुले ती वाचतील आणि गाळलेल्या जागांविषयी शिक्षकांना विचारतील.

दरवर्षी याच रस्त्याने अनेक उपासक-उपासिका धम्मचक्र प्रवर्तन दिनास नागपूरच्या दीक्षाभूमीवर जातात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरातही धम्मदीक्षा दिली होती, तेथेही जातात. नागपुरास गेलेल्यांनी परतण्यापूर्वी तासभर काढून संग्रहालयातील ही शिळा अवश्य पाहावी.