हीटर उघडण्याआधी बॉनेट उघडा

महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्याला आपल्या गाडीत हीटर आहे हे वर्षानुवर्षं आठवतही नाही. मग एका वर्षी तो थार किंवा जुनी जिप्सी घेऊन लडाखला निघतो. पहाटेच्या थंडीत काच आतून धुरकटते, तो खटका लाल खुणेकडे सरकवतो आणि अंगावर येतं ते गार वारं. हीटर गेला म्हणून लोक थेट डॅशबोर्ड खोलायला घेतात. ते काम दिवस खातं आणि दोष बहुधा तिथे नसतोच.

कारण हीटर ही काही वेगळी शेगडी नव्हे. इंजिन गार ठेवताना तापलेल्या कूलंटचा एक फाटा दोन रबरी होजमधून डॅशबोर्डमागच्या छोट्याशा रेडिएटरमध्ये फिरून येतो. मेकॅनिक त्याला हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअर त्या कॉइलमधून हवा ढकलतो, एवढंच.

आधी हवेचं बघा. ब्लोअर अजिबात फिरत नसेल तर फ्यूज तपासा. फक्त सर्वांत जोराच्या वेगावरच फिरत असेल तर त्याचा रेझिस्टर जळलाय. तो स्वस्त असतो आणि बदलायला सोपा. चिखलापाण्यात फिरणाऱ्या गाडीत मोटरपर्यंत गाळ आणि पालापाचोळाही पोचतो.

हवा येते पण गार, तेव्हा खरी तपासणी सुरू होते. तापमानाचा काटा बघा. बराच वेळ चालवूनही तो खालीच रेंगाळत असेल तर संशय थर्मोस्टॅटवर. ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडणारा हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला, की कूलंट सतत मोठ्या रेडिएटरमधून फिरून गार होत राहतं. आपल्याकडे आणखी एक खोड आहे: गाडी तापते म्हणून मेकॅनिक व्हॉल्व्हच काढून टाकतो. इथल्या उन्हात ते खपून जातं. लेहमध्ये खपत नाही.

काटा नीट वर येत असेल तर हाताची परीक्षा. इंजिन चांगलं तापू द्या, खटका पूर्ण गरमवर ठेवा, थोडा वेळ चालवून इंजिन बंद करा. केबिनच्या भिंतीतून आत जाणाऱ्या दोन्ही होजना जपून बोट लावा. दोन्ही कडक गरम असतील तर कॉइल ठीक आहे. हवा वळवणारा फ्लॅप अडकलाय किंवा त्याची केबल निसटलीय. एक गरम आणि एक गार म्हणजे कॉइल तुंबलीय, किंवा जुन्या गाड्यांत होजवर असणारा व्हॉल्व्ह उघडत नाहीये. दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकलीय.

हवा काढायला गाडी तोंड वर करून चढावर लावा. इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना कदापि नको) रेडिएटरचं झाकण काढा, कूलंट भरा, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालू करा. बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. त्या झाकणाचं रबरही पाहून घ्या. खारदुंगला खिंडीत, ५,३०० मीटरच्या वर, उघड्यावरचं पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर तिथे कूलंट लवकर उकळून बाहेर पडतं, आणि कमी झालेल्या कूलंटचा फटका हीटरला आधी बसतो.

तुंबलेल्या कॉइलचं मूळ बहुधा घरचंच असतं. कूलंट संपलं की बोअरचं पाणी ओतायचं, रेडिएटर गळला की त्यात हळद टाकायची. हळदीने गळती बुजेलही. पण कॉइलच्या बारीक नळ्याही त्याच हळदीने बुजतात. दोन्ही होज काढून परतीच्या तोंडातून बागेच्या नळीने पाणी सोडा. आधी तांबूस गाळ येतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा. धार हलकीच हवी, जोराने कॉइलचे जोड सुटतात.

काचेवर चिकट थर आणि केबिनमध्ये गोडसर वास येत असेल तर कॉइलच फुटलीय. पायाखालची मॅट ओली झाली तर बोट लावून पाहा. साधं पाणी एसीचं असतं. रंगीत, बुळबुळीत असेल तर कूलंट. वाटेत असं झालं तर दोन्ही होज कॉइलपासून सोडवून एका पाइपाच्या तुकड्याने आणि दोन क्लॅम्पनी एकमेकांना जोडा. हीटर नसेल, पण गाडी परत येईल. नवी कॉइल बसवायची तेव्हा मात्र डॅशबोर्ड खोलावाच लागतो.

शेवटी भरताना शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं घ्या. इथिलीन ग्लायकॉलचं असं मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी रात्रीत गोठून इंजिन तडकवू शकतं. काढलेलं जुनं कूलंट उघड्यावर ओतू नका. ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि थोड्याशानेही मरतात. डब्यात भरून गॅरेजला द्या.