गुडघ्यावरचं टेंगूळ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मनोरीतल्या शेजारच्या मावशी उंबऱ्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. वाटीवर लिंबाएवढं टेंगूळ. "वय झालं गो, गुडघे झिजले," म्हणाल्या. मी हात लावला, तर चांगलं गरम लागलं. लालही झालेलं, अंगात कणकण. तरी "बोटीने मार्व्याला जा, पुढे बस धरा, कोण करणार एवढं?" हेच पालुपद!

शेवटी हट्टाने नेलं. डॉक्टरांनी सुईने पाणी काढून तपासायला पाठवलं. सांधा ठीक होता, सुजली होती ती बर्सा.

मैत्रिणींनो, मलाही हा शब्द नवाच होता. बर्सा म्हणजे पातळ, चपटी पिशवी. आत जेमतेम थेंबभर बुळबुळीत पाणी. हाड, स्नायूची दोरी आणि कातडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गाने केलेली सोय. एका गुडघ्याभोवती अशा दहाएक तरी असतात. वाटीच्या पुढची कातडीलगतच असते. गुडघे टेकून रोज फरशी पुसली की ती चेंगरते, पाणी वाढतं, टेंगूळ येतं. इंग्रजांनी या दुखण्याला चक्क 'मोलकरणीचा गुडघा' असं नाव दिलंय. (घरच्या बाईचा का नाही, कोण जाणे!)

नुसती सूज असेल तर गुडघे न टेकणं, विश्रांती आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ यांनी बहुधा उतरते. पण मावशींच्या गुडघ्याला खरचटलं होतं, तिथून जंतू आत शिरले. लाली, ऊब आणि ताप असला की चोळायचं नाही, घरी फोडायचं तर मुळीच नाही; त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मावशींना अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला.

जिना चढताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला, जरा खाली दुखतं, तिथेही एक बर्सा आहे. वजन जास्त असलेल्या, मधुमेह असलेल्या बायकांत ती जास्त दुखते. गुडघ्यामागे फुगवटा आला तर मात्र बहुतेकदा मूळ सांध्यातच असतं. आणि पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर थांबू नका. शिरेत रक्ताची गुठळीही असू शकते.

मावशी आता दांड्याच्या पोछ्याने उभ्यानेच पुसतात. कोपरे नीट निघत नाहीत, ही तक्रार मात्र मला रोज ऐकावी लागते.