टेम्पो घ्यायचाय? डिझेल की पेट्रोल, आधी हिशोब करा



धंद्यासाठी पहिला टेम्पो घ्यायचं ठरलं की दहा जण सांगतात, "डिझेलच घे, परवडतं." परवडतं, पण सगळ्यांनाच नाही. हप्ता तुम्हाला भरायचाय, म्हणून कारण समजून घ्या.

डिझेल ॲव्हरेज जास्त का देतं?

पेट्रोल इंजिन हवा साधारण 10 पट दाबतं आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेट्रोल पेटवतं. डिझेल इंजिन हवा 16 ते 20 पट दाबतं. ती इतकी तापते की डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. जास्त दाब म्हणजे तेवढ्याच इंधनातून जास्त काम. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण 10 टक्के जास्त ऊर्जा असते.

पॉवर वेगळी, ओढ वेगळी

टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. हा जोर आणि इंजिनचा वेग मिळून पॉवर होते. डिझेल कमी आरपीएमवरच भरपूर टॉर्क देतं, म्हणून भरलेली गाडी घाटात धापा टाकत नाही. पेट्रोल इंजिन आरपीएम वाढवून पॉवर काढतं. ते हलकं असतं, आवाजही कमी.

आता पैशांचं बोलू

समजा, डिझेल गाडी 60,000 रुपयांनी महाग आहे. पेट्रोल 105 रुपये, ॲव्हरेज 15. म्हणजे किलोमीटरला 7 रुपये. डिझेल 92 रुपये, ॲव्हरेज 20. म्हणजे 4 रुपये 60 पैसे. बचत 2 रुपये 40 पैसे.

60,000 भागिले 2.40 = 25,000 किलोमीटर. तेवढं चाललं की जास्तीचे पैसे वसूल.

महिन्याला 25 दिवस गाडी चालते असं धरा:

- रोज 100 किलोमीटर: 10 महिने
- रोज 40 किलोमीटर: 25 महिने
- रोज 20 किलोमीटर: चार वर्षांहून जास्त!

यात जास्तीच्या कर्जाचं व्याज आणि मेंटेनन्स धरलेला नाही. डिझेलचे पंप, इंजेक्टर महाग असतात. बीएस-6 नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले, तेव्हापासून बऱ्याच डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. सतत छोट्या फेऱ्या मारल्या तर तो नीट तापत नाही आणि चोंदतो.

मग काय घ्यायचं?

भाजी, सिमेंट, लांबचा पल्ला, घाटरस्ता: डिझेल. बेकरी, टिफिन, शहरातल्या छोट्या फेऱ्या: पेट्रोल.

शोरूमला जाण्याआधी एक आठवडा रोजचे किलोमीटर आणि मालाचं वजन वहीत लिहा. मग तुमच्या गावचे भाव घालून हाच भागाकार करा. उत्तर शेजाऱ्याकडे नाही, त्या वहीत आहे.