ऐतिहासिक युद्धनौकांच्या स्मृतिवस्तूंचे संकलन : 'विक्रांत'च्या विशेष संदर्भात

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि सागरी व्यापाराच्या खुणा जपणारे संग्रहालय या जिल्ह्यातील तेर येथे आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील माल भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आढळतो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावपरिसरातील पुराणवस्तू निष्ठेने जमविल्या व त्यांतूनच हे संग्रहालय आकारास आले. या वस्तूंना मोल आहे ते त्या तेरच्याच मातीतील असल्याने. वस्तू मूळ कोठली, हे सिद्ध करण्याचा हा प्रश्न युद्धनौकांच्या स्मृतिवस्तूंबाबत अधिक बिकट होतो.

विमानवाहू नौका 'विक्रांत' हे याचे बोलके उदाहरण होय. 4 मार्च 1961 रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली. 1971 च्या युद्धात तिच्यावरील विमानांनी चितगाव व कॉक्स बझार येथे हल्ले केले. 31 जानेवारी 1997 रोजी ती निवृत्त झाली आणि पुढे 2012 पर्यंत मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. 2014 मध्ये तिचा लिलाव झाला व त्याच वर्षी दारूखाना येथे ती तोडण्यास प्रारंभ झाला. तिच्या पोलादातून शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी घडविलेले स्मारक 2016 मध्ये मुंबईत उभे राहिले. त्याच वर्षी तिचा धातू वापरलेली 'बजाज व्ही' ही मोटारसायकलही बाजारात आली.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. नाव कोरलेली घंटा किंवा नामफलक आपली ओळख स्वतः सांगतो. वितळलेल्या पोलादास मात्र अशी ओळख उरत नाही. उरतो तो केवळ उत्पादकाचा शब्द. मोटारसायकल घेणाऱ्याचा अभिमान खोटा नव्हे, परंतु संग्रहालयाच्या नोंदवहीत ती 2016 ची दुचाकी म्हणूनच येईल.

हा व्यवहार नवा नाही. नेल्सनची एकेकाळची नौका 'फूद्रोयां' 1897 मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटली, तेव्हा मालक व्हीटली कॉब यांनी तिच्या लाकूड-तांब्याच्या स्मृतिवस्तू करून विकल्या. तिच्या जागी त्यांनी घेतलेली 'त्रिंकोमाली' ही नौका 1817 मध्ये मुंबईतच वाडिया घराण्याने मलबारी सागवानात बांधलेली होती. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. 'विक्रांत'च्या वाट्यास हे भाग्य आले नाही.

दारूखान्यात व्यापारी जहाजेही तुटतात. त्यामुळे नाव नसलेला पितळी दिवा कोणत्याही जहाजाचा असू शकतो. विक्रीची पावती, नौकेवर तो दिवा मूळ जागी असतानाचे छायाचित्र, हस्तांतरणाची नोंद यांपैकी काहीही नसल्यास संग्राहकाने त्यास शोभेची वस्तूच मानावे.

समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यांत खरेदीपेक्षा दुसरा मार्ग अधिक फलदायी ठरू शकतो. निवृत्त नौसैनिकांच्या घरातील टोपीची फीत, नौकेवरून पाठविलेले पत्र, सेवापुस्तिका यांस बाजारभाव फारसा नसतो. परंतु नाव, तारीख आणि सांगणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. 1971 च्या युद्धात सेवेत असलेले नौसैनिक आज सत्तरी ओलांडलेले आहेत. वस्तू हाती घेण्यापूर्वी त्यांचे निवेदन तारखेसह लिहून, त्यावर त्यांची स्वाक्षरी घेणे हे संकलनाचे पहिले काम होय.