सिरॅमिक रेसिडेन्सी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: रेसिडेन्सी म्हणजे निसर्गाच्या कुशीतली निवांत सुट्टी.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, हेलेनाजवळच्या एका वीट कारखान्याच्या आवारात १९५१ साली आर्ची ब्रे फाउंडेशन सुरू झालं. कलाकारांनी तिथे काही काळ राहून काम करायचं, हीच रेसिडेन्सी. पीटर व्हौल्कस आणि रूडी ऑटिओ हे तिथले पहिले निवासी कलाकार. दोघांचं शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं. विटांच्या कामाला हात लावायचा, पॉटरीची इमारत बांधू लागायचं आणि उरलेल्या वेळात आपलं चाक धरायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. अमेरिकी सिरॅमिकला भांड्याच्या चौकटीतून शिल्पाकडे नेणाऱ्यांत पुढे हेच दोघे अग्रभागी होते.

गैरसमज: तिथे कुणी मोठा गुरू शिकवतो.

वस्तुस्थिती: बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रम नसतो. शिकायचं ते शेजारच्या टेबलावरून. १९५२ च्या अखेरीस ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच, जपानी कुंभार शोजी हामादा आणि जपानी लोककलेचे विचारवंत सोएत्सु यानागी हेलेनाला आले, तेव्हा हामादांना चाकावर काम करताना व्हौल्कस आणि ऑटिओ यांनी जवळून पाहिलं. असे पाहुणे रोज येत नाहीत. रोज असतात ते बरोबरीचे कलाकार. लाकडाची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवायची तर पाळ्या लावाव्याच लागतात. पहाटेच्या पाळीला ज्योतीचा रंग बघून लाकूड कधी घालायचं, हे सोबतच्या माणसाकडूनच कळतं.

गैरसमज: परतताना प्रदर्शनापुरतं काम तयार हवं.

वस्तुस्थिती: माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान करणारी समजूत हीच. कॉलेज सुटलं की तरुण कलाकाराच्या हातून पहिली जाते ती भट्टी. मग दुसऱ्याच्या भट्टीत जागा मागायची. वितळून ओघळणारं ग्लेझ तिथे कोण लावू देईल? शेल्फच खराब व्हायची. म्हणून हात जपून चालतो आणि काम तिथेच थांबतं. माती तर चुकांतूनच कळते. स्टोनवेअरची माती सुमारे १२५० अंशांपर्यंत भाजताना साधारण दहा-बारा टक्के आकसते. जाड-पातळ भिंती एकत्र असल्या की ताण येतो. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, त्यामुळे थंड होतानाही भांडं तडकू शकतं. तडा तळाशी इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला असेल, तर दोष बहुधा तळ नीट न दाबल्याचा. तड्याच्या कडा धारदार असतील तर थंड करण्यात घाई झालेली. एवढं वाचायला यायचं तर तडकलेली भांडी हाताखालून जायलाच हवीत. रेसिडेन्सीत ती तडकवायची मुभा मिळते, लगेच पुढची भट्टीही लावता येते.

गैरसमज: रेसिडेन्सीसाठी परदेशीच जावं लागतं.

वस्तुस्थिती: पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीत भारतातले कितीतरी स्टुडिओ पॉटर घडले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावतीच्या ग्रामोदय संघात, स्थानिक कारागिरांच्या साथीनं मोठ्या आकाराचं काम करायला कलाकार जातात.

गैरसमज: सगळं फुकट असतं.

वस्तुस्थिती: काही जागा शिष्यवृत्ती देतात, अनेक ठिकाणी माती, ग्लेझ आणि भाजणीचे पैसे वेगळे पडतात. अर्ज करण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: भाजणीचा दर काय, आणि महिन्यातून किती वेळा भट्टी तुमच्या हाती येईल. राहायची खोली कशी आहे, हे त्यानंतर विचारलंत तरी चालेल.